साइट सुपरवायझरने गँगमध्ये सेफ्टी कशी रुजवायची

मोठ्या साइटच्या गेटवर सेफ्टीचा बोर्ड असतो, किती दिवस अपघात झाला नाही तो आकडा असतो, कंपनीची पॉलिसी फ्रेम करून लावलेली असते, 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ पण होते. पण सेंटरिंगवाला, म्हणजे स्लॅबचा साचा उभा करणारा पोरगा अकराव्या मजल्यावर स्लॅबच्या कडेला उभा राहून प्लाय सरकवत असतो तेव्हा त्याच्या डोक्यात यातलं काहीच नसतं, त्याला एवढंच माहीत असतं की आपला साहेब कशावर ओरडतो आणि कशाकडे बघून न बघितल्यासारखं करतो. आणि तो साहेब म्हणजे तुम्ही, डिप्लोमा करून साइटवर लागलेले सुपरवायझर किंवा गँगमधूनच वर आलेले फोरमन. प्रोजेक्ट मॅनेजर त्याने आठवड्यातून एकदा लांबून बघितलेला असतो, तुम्ही दिवसातून दहा वेळा समोर येता.

त्यात मध्यम साइटवर सेफ्टी ऑफिसर नसतोच. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत सेफ्टी ऑफिसर 500 कामगारांच्या वर लागायचा, 2020 च्या नव्या संहितेत तो आकडा 250 वर आणलाय, पण पन्नास-साठ माणसांची जी साइट असते, जशा पुणे-नाशिक-संभाजीनगरला गल्लोगल्ली चालू आहेत, तिथे सेफ्टी म्हणजे सुपरवायझर, दुसरं कोणी नाही.

सुपरवायझरच्या बोलण्याने सेफ्टीत फरक पडतो का, याचा अभ्यास पण झालाय. इस्रायलचे डोव्ह झोहर 1980 पासून या विषयावर लिहीत होते, त्यांनी 2002 ला छापलेल्या एका प्रयोगात वेगळं काही केलं नाही, कामगारांना विचारलं की तुमचा सुपरवायझर तुमच्याशी बोलला तेव्हा सेफ्टीचा विषय निघाला का, आणि ते उत्तर दर आठवड्याला सुपरवायझरला दाखवलं. बोलणं बदललं, तशा बारीकसारीक दुखापती कमी झाल्या आणि कानात प्लग घालणारी माणसं वाढली. नंतर डेन्मार्कमध्ये बांधकामाच्या फोरमनवर असंच करून बघितलं, 2010 ला छापून आलं, तिथेही फोरमनच्या रोजच्या बोलण्यात सेफ्टी आली तसा साइटचा कारभार सुधारला. म्हणजे आपल्या हातात जे आहे ते खरंच मोठं आहे, फक्त ते कसं वापरायचं ते बघू.

आधी चार गोष्टी पक्क्या ठरवा

सगळ्यावर एकसारखं ओरडणारा सुपरवायझर गँगला ऐकूच येत नाही. हेल्मेट का नाही, जॅकेट का नाही, इथे थुंकला का, तंबाखू का खाल्ली, सगळं एकाच आवाजात, मग त्यातच कडेला रेलिंग नाही हे पण वाहून जातं. म्हणून ज्याने माणूस मरतो अशा मोजक्या गोष्टी निवडा आणि तिथे कधीच सूट देऊ नका, स्लॅबच्या दिवशी पण नाही, मालक आलेला असताना पण नाही. माझ्या मते बिल्डिंग साइटवर त्या या चार: उघडी कड आणि कटआऊट (स्लॅबमध्ये सोडलेलं भोक), खोल खड्डा, उचललेल्या मालाखाली माणूस, आणि करंट.

कटआऊटचं नीट सांगतो कारण यात माणसं फार जातात. डक्टच्या कटआऊटवर नुसता प्लाय टाकून ठेवणं हे उघड्या भोकापेक्षा वाईट, कारण दुसऱ्या गँगचा माणूस येतो, त्याला प्लाय हवा असतो, तो प्लाय दोन्ही हातांनी उचलून पुढे पाऊल टाकतो आणि त्या प्लायमुळेच त्याला खालचं भोक दिसत नाही. प्लाय खिळ्यांनी किंवा अँकरने पक्का पाहिजे, त्यावर लाल रंगात मोठी फुली पाहिजे, नुसतं लिहून भागत नाही कारण अर्ध्या लोकांना वाचता येत नाही. मोठा कटआऊट असेल तर साधारण मीटरभर उंचीचं रेलिंग, मधली दांडी, आणि खाली पंधरा सेंटीमीटरची टो-बोर्ड, म्हणजे पायाने ढकललेला दगड किंवा पाना खालच्याच्या डोक्यात जात नाही.

खड्ड्याचं असं की दीड मीटरच्या खाली गेलं की उतार तरी द्यायचा नाहीतर आधार तरी, आणि बाहेर यायला शिडी, काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब, खड्डा खोल असेल तर खोलीच्या निम्म्याएवढी. एक घनमीटर माती दीड-दोन टनाच्या आसपास भरते, छातीपर्यंत माणूस गाडला गेला तरी डोकं बाहेर असून श्वास घेता येत नाही, हे गँगला याच शब्दात सांगा. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी उभी राहते म्हणून लोक फसतात, वळवाचा एक पाऊस पडला की तीच भिंत बसते.

करंटचं रोज सकाळी डीबीवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या बोर्डावर जाऊन स्वतः बघा. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का, तिचं टेस्टचं बटण दाबल्यावर ती पडते का, आणि सॉकेटमध्ये काडी खोचून अडकवलेली उघडी वायर कुठे दिसली तर तिथल्या तिथे काढायला लावा. टॉप (वायरचा प्लग) नाही म्हणून कोणी काडी लावली असेल तर टॉप आणून देणं तुमचं काम, नुसतं झापून उपयोग नाही.

गँग तुमचे पाय बघते

तुम्ही स्वतः रेलिंगवरून उडी मारून शॉर्टकट घेतला, हेल्मेट घातलं पण पट्टा लावला नाही, क्रेनखालून फोनवर बोलत गेलात, तर सकाळी सांगितलेलं सगळं पुसलं. हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून जास्त लिहीत नाही. एकच जोडतो, इंजिनिअर, आर्किटेक्ट, मालकाचा पुतण्या, फ्लॅट बघायला आलेलं कुटुंब, यांना बिनहेल्मेट वर सोडलं तर कामगाराला बरोबर कळतं की हा नियम फक्त गरिबांसाठी आहे. पाहुण्यांसाठी पाच हेल्मेट गेटवर ठेवा आणि मालकालाही हात जोडून द्या, पूर्ण साइट ते बघते.

सकाळचं बोलणं

टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू करण्याआधी गँगशी सेफ्टीबद्दल बोलणं, त्याची बऱ्याच साइटवर वाट लागलीय. चाळीस माणसं उन्हात उभी, साहेब कागद वाचतोय, सह्या आणि अंगठे, फोटो, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, संपलं. यातून गँग एवढंच शिकते की सेफ्टी ही फोटोसाठी असते.

त्याऐवजी गँगप्रमाणे बोला, पाच-सात मिनिटं, आणि जिथे काम आहे तिथेच जाऊन. फिटरच्या, म्हणजे सळ्या बांधणाऱ्यांच्या, गँगशी फिटरच्या कामाचं, आज बीमची जाळी उभी करायचीय तर तिला आधार कुठून द्यायचा, पहिला टेकू कोण लावणार, काढणार कोण. फेब्रुवारी 2022 मध्ये पुण्यात येरवड्याला एका चालू बांधकामात लोखंडी सळ्यांची जाळी रात्रीच्या वेळी कोसळली आणि 5 कामगार गेले, ती माणसं बिहारची होती. तुमच्या साइटवर फिटर आहेत ते पण तिकडचेच असतील, त्यांना ही गोष्ट माहीत असते, त्यांच्याकडूनच काढून घ्या की जाळी कशी पडते.

प्रश्न विचारणं हे सगळ्यात कामाचं. "आज यहाँ आदमी कहाँ से गिर सकता है?" असं विचारून गप्प राहायचं. पहिले काही दिवस कोणी बोलत नाही, सगळे एकमेकांकडे बघतात, मग एखादा जुना माणूस म्हणतो की साब वो लिफ्ट का डक्ट खुला है. तो बोलला की तो डक्ट त्याच दिवशी बंद झाला पाहिजे, जेवणाच्या सुट्टीच्या आत झाला तर फारच चांगलं. एकदा असं झालं की दुसऱ्या दिवशी चार जण बोलतात. आणि सांगितलेलं आठवडाभर तसंच पडून राहिलं तर परत कोणी तोंड उघडणार नाही, मग तुम्ही कितीही विचारा.

भाषेचं पण बघा. हिंदी सगळ्यांना येते असं आपण धरून चालतो, पण गुलबर्गा-रायचूरकडच्या बायका, तेलंगणाचे लोक, झारखंडचे आदिवासी पोरं, यांना कामापुरती हिंदी येते, "अँकर पॉइंट सिर के ऊपर रखना" म्हणजे बेल्टचा हुक अडकवायची जागा डोक्याच्या वर ठेव, हे कळतंच असं नाही. करून दाखवा आणि त्याच्याकडून करून घ्या. बायका टूलबॉक्स टॉकला मागे उभ्या राहतात, त्यांना पुढे बोलवा, डोक्यावर घमेलं घेऊन जिन्याने दिवसभर वर-खाली त्याच करतात आणि जिन्याला रेलिंग नाही हे त्यांना सगळ्यात आधी कळतं.

नवीन माणूस

होळी आणि छठनंतर गँग बदलते, गावाला गेलेल्यातले निम्मे परत येतात, बाकीचे कोणाचे भाऊ, भाचे, गावची पोरं येतात. मुकादम सांगतो सगळे कारागीर आहेत. तुम्ही मानू नका. नवीन माणसाला पहिल्या दिवशी उंचीवर चढवू नका, हेल्मेटला वेगळ्या रंगाची टेप लावा म्हणजे सगळ्यांना दिसतं की हा नवीन आहे, आणि एका जुन्या माणसाला नाव घेऊन सांगा की आठवडाभर हा तुझ्याबरोबर. वय विचारा, आधार कार्ड बघा, अठराच्या आतलं पोरगं असेल तर परत पाठवा, मुकादम कितीही म्हणाला की घरची परिस्थिती आहे तरी. चक्कर येते का, फिट येते का हे बाजूला घेऊन विचारा, चारचौघात कोणी खरं सांगत नाही, आणि ज्याने खरं सांगितलं त्याला खाली काम द्या, हाकलू नका, नाहीतर पुढचा लपवेल.

मुकादम

सगळं यावर अडतं म्हणून जरा सविस्तर. सेंटरिंग स्क्वेअर फुटावर, स्टील टनावर, प्लास्टर ब्रासवर. म्हणजे मुकादमाला आणि त्याच्या माणसाला पैसा मिळतो तो झालेल्या कामाचा, रेलिंग लावायला गेलेल्या तासाचा एक रुपया पण मिळत नाही. मग तुम्ही रोज सकाळी भाषण द्या, दुपारी तो रेलिंग काढून ठेवणार कारण प्लाय वर चढवायला आड येतं आणि परत लावायला दोन माणसं लागतात. माणूस वाईट आहे म्हणून हे होत नाही, रेटमध्ये ते धरलेलंच नाही म्हणून होतं.

यावर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे वर्क ऑर्डर होतानाच रेलिंग, जाळी, कटआऊट झाकणं हे वेगळे आयटम म्हणून घालून घ्या, हे तुमच्या हातात नसेल तर बिलिंगवाल्या इंजिनिअरच्या मागे लागा. दुसरा म्हणजे कंपनीच्या रोजंदारीवर दोन-तीन माणसांची छोटी गँग ठेवा, त्यांचं काम फक्त कडा, कटआऊट, परांचीचे फळ्या-क्लॅम्प आणि शिड्या बघणं. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो कारण मुकादम मग फोन करून सांगतो की साहेब तुमची माणसं पाठवा, रेलिंग काढलंय. तो सांगायला लागला म्हणजे अर्धं काम झालं.

मुकादमाशी भांडण त्याच्या माणसांसमोर कधीच करू नका. त्या माणसांना गावाहून त्याने आणलंय, उचल त्याने दिलीय, घरच्या लग्नाला पैसे त्याने दिलेत, तुमच्यापेक्षा त्याचा शब्द तिथे मोठा आहे. त्याला ऑफिसमध्ये बोलवा, चहा द्या, मामा किंवा शेठ जे म्हणता ते म्हणा, आणि सरळ सांगा की बेल्ट न अडकवता माणूस कडेला दिसला तर मी त्या जागेचं काम थांबवणार, तुमच्याशी वैर नाही. मग खरंच थांबवा. आणि त्याच्या अडचणी सोडवा, प्लाय वेळेवर द्या, ड्रॉइंग वेळेवर द्या, बिल अडकलं असेल तर अकाउंट्सला फोन करा. सामान उशिरा मिळाल्याने त्याचे तीन दिवस गेले तर ते तीन दिवस तो स्लॅबच्या आदल्या रात्री भरून काढणार, आणि अपघात तिथे होतात.

अजून एक, बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला मिळवून द्यायला मदत केलीत, कॅम्पमध्ये बसून चार जणांचे फॉर्म भरून दिलेत, तर ती माणसं तुमचं ऐकतात, कारण त्यांना कळतं की याला आपलं काहीतरी पडलंय.

चूक दिसली की काय करायचं

लांबून शिट्टी मारून आईबहिणीवरून शिवी देणं ही साइटची पद्धत आहे, आणि ती धोक्याची आहे, कडेला उभा असलेला माणूस दचकतो. जवळ जा, नावाने हाक मारा, आधी त्याला सुरक्षित जागी घ्या, मग विचारा. विचारा म्हणजे खरंच विचारा, हुक का लावला नाही. बहुतेक वेळा उत्तर असतं, कशाला लावू? लाइफलाइन (हुक अडकवायची ताणलेली दोरी) नाही, आहे ती दुसऱ्या टोकाला, लॅनयार्ड (बेल्टची हुकवाली दोरी) पोचत नाही, प्रॉपला (स्लॅबखालच्या टेकूला) हुक लावला तर प्रॉपच उपटून येईल. बेल्ट घातलेला आणि हुक मोकळा असे दहा लोक दिसले तर लोकांना दोष देऊ नका, अँकर नाहीये.

आणि खालच्या मजल्यांवर हे पण लक्षात ठेवा की पावणेदोन-दोन मीटरची लॅनयार्ड, तिचा झटका झेलणारा शॉक ॲब्सॉर्बर उघडला की अजून मीटरभर, त्यात माणसाची उंची, म्हणजे पहिल्या स्लॅबवरून पडलेला माणूस बेल्ट असून जमिनीला लागू शकतो, तिथे रेलिंगच पाहिजे. बेल्टवर माणूस लटकला तर त्याला कोण आणि कशाने उतरवणार हे आधी ठरलेलं असू द्या, लटकत्या माणसाचं रक्त पायात साचतं आणि थोड्या वेळात तो बेशुद्ध पडू शकतो, तेव्हा दोरी शोधत फिरायला वेळ नसतो.

दंडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पाचशे रुपये रोज असलेल्या माणसाकडून दोनशे दंड घेतला की तो हेल्मेट घालेल, पण फक्त तुम्ही दिसल्यावर. वर शिट्ट्या वाजतात, साहेब आया, सगळे घालतात, तुम्ही गेलात की काढतात. शिवाय हाताला लागलेलं लपवतो, पायात खिळा गेला तर हळद लावून झोपतो, धनुर्वाताचं इंजेक्शन राहून जातं. मुद्दाम आणि परत परत करणाऱ्याला साइटवरून काढा, पण पैसे कापू नका.

कोणी वाईट बातमी आणली तर

पाना खाली पडला, कोणाला लागला नाही. क्रेनचा पट्टा घासलाय असं रिगर, म्हणजे क्रेनला माल बांधणारा, म्हणाला. हे सांगणाऱ्याला तुम्ही पहिल्या दहा सेकंदात काय म्हणता त्यावर पुढचं सगळं. "कोणी पाडला?" हा पहिला प्रश्न असेल तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही. "बरं झालं सांगितलंस, चल दाखव" म्हणा आणि सगळं सोडून जा. काम थांबवलंच तर थांबलेल्या तासांची हजेरी कापू नका, रेटवरची गँग असेल तर तेवढे तास रोजंदारीत लावून द्या, यासाठी मॅनेजरशी आधीच बोलून ठेवा. पोटावर पाय येणार असेल तर कोणीही धोका सांगणार नाही. सप्टेंबर 2023 मध्ये ठाण्यात बाळकुमला एका उंच इमारतीची कामगारांची लिफ्ट कोसळून 7 जण गेले, त्यानंतर तरी हॉइस्टचा, म्हणजे साइटच्या लिफ्टचा, आवाज बदललाय असं कोणी म्हटलं की हॉइस्ट बंद, मेकॅनिकने बघितल्याशिवाय चालू नाही, जिन्याने चढावं लागलं तरी चालेल.

कॅम्प पण तुमचाच

29 जून 2019 ला कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली, 15 माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. ऑक्टोबर 2024 मध्ये भोसरीला लेबर कॅम्पमधली पाण्याची टाकी फुटून 5 जण गेले. यातलं कोणी उंचीवर काम करत नव्हतं. म्हणून मेच्या शेवटी कॅम्पभोवती एक चक्कर मारा, झोपड्या भिंतीला किंवा खोदाईच्या काठाला चिकटून असतील तर हलवा, विटांची घाईत बांधलेली टाकी असेल तर ती पाडून प्लास्टिकच्या टाक्या ठेवा, वायरी पत्र्याला लागत नाहीत ना बघा. रात्री कॅम्पमध्ये गेलेला सुपरवायझर आणि न गेलेला सुपरवायझर यांच्याशी गँग वेगळं वागते.

वरून प्रेशर आलं की

येणारच. आरएमसी (गाडीने येणारं तयार काँक्रीट) बुक झालीय, पंप उभा आहे, मॅनेजर म्हणतो आज स्लॅब भरायचाच, आणि खाली प्रॉपचे ब्रेसिंग, म्हणजे आडवे-तिरपे आधार, अर्धे बाकी आहेत. इथे नुसतं "सर सेफ्टी नाही" म्हणून चालत नाही, तो म्हणणार तूच बघ. नेमकं सांगा: ग्रिड अमुक ते तमुक ब्रेसिंग बाकी, चार माणसं अजून दिलीत तर तीन तासात होतं, पहिली गाडी तीनला मागवू. आणि हेच व्हॉट्सॲपवर लिहून फोटोसकट पाठवा, भांडण म्हणून नाही, लेखी आलं की माणूस दोनदा विचार करतो म्हणून. तरी ऐकलं नाही तर गँगला स्लॅबखालून बाहेर ठेवा, भरताना खाली चेकिंगला जाणारे एक-दोन जाणते लोक सोडून कोणी नको. गँग हे सगळं बघत असते, साहेब आपल्यासाठी वर बोलला का हे रात्री कॅम्पमध्ये बोललं जातं.

रोजची डायरी आणि रात्रीची शिफ्ट

झोहरचीच पद्धत घरगुती करून वापरा. संध्याकाळी डायरीत तीन ओळी: आज किती जणांशी सेफ्टीबद्दल बोललो, त्यांनी काय सांगितलं, त्यातलं काय केलं. महिन्यातून एकदा दुसऱ्या टॉवरच्या सुपरवायझरला तुमच्या गँगला विचारायला लावा की तुमचे साहेब काय काय बोलतात, त्याच्याही गँगला तुम्ही विचारा. सगळे म्हणाले "जल्दी करो बोलते हैं" तर डायरीत काय लिहिलंय त्याला अर्थ नाही. काम जमतंय की नाही याची माझी खूण अशी, बिगारी पोराने कारागिराला हुक लावायला सांगितलं आणि कारागिराने लावला.

रात्रीच्या शिफ्टला तुम्ही नसता, तिथे हँडओव्हर तोंडी देऊ नका. कोणतं रेलिंग काढलेलं आहे, कोणता कटआऊट उघडा आहे, कुठला डीबी बंद ठेवलाय, उजेड कुठे कमी आहे, एवढं लिहा आणि रात्रीच्या सुपरवायझरला घेऊन त्या जागांवर टॉर्च मारून दाखवून या, मगच घरी जा.